लोनाडची रानमिरची आणि ‘मरिच’ शब्दाचा घोळ

सुमारें सहा वर्षांपूर्वीं भिवंडींतील एका जुन्या वैद्य घराण्याकडील बाड आमच्या पाहण्यांत आलें. त्याच्या आधारानें आम्हीं एका स्थानिक स्मरणिकेंत दोन पानांचें टांचण छापलें, आणि त्यांत असें ठाम विधान केलें कीं, पोर्तुगीज लोक या किनाऱ्यावर येण्यापूर्वींच मिरची ही उत्तर कोंकणांत परिचित होती. तें विधान चुकीचें होतें. स्मरणिका फारशी कोणी वाचीत नाहीं; चूक तेथेंच पडून राहती तर आम्हांस एवढा खेद न होता. परंतु गेल्या वर्षीं आमचेंच वाक्य, आमच्या नांवासकट, एका व्याख्यानांत पुरावा म्हणून ऐकावें लागलें. आपण चालविलेलें खोटें नाणें बाजारांत फिरून पुन्हां आपल्याच हातीं यावें, तसें झालें. तेव्हां जुनीं बाडें व पोथ्या ज्यांच्या नित्य हाताळण्यांत आहेत अशा वाचकांपुढें तें विधान मागें घ्यावें, आणि चूक कोठें झाली तें जसेंच्या तसें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बाड उभें शिवलेलें, बाळबोध अक्षराचें आहे. मजकूर संस्कृत व मराठी मिश्र. चूर्णें, काढे, लेप, मधूनच विंचवाच्या विषावरील उतारे. एका पानावर त्रिकटूच्या योगांत ‘मरिच’ हा शब्द आला आहे आणि त्याच्या बाजूस समासांत ‘मिरची’ असें लिहिलें आहे. शेवटच्या पानावर पुष्पिका असून तिच्यांत दिलेला शक हा वास्को द गामा कालिकतास उतरला त्या इ. स. १४९८ च्या पूर्वींचा आहे. आम्हांस तेवढें पुरलें. समासांत ‘मिरची’ लिहिणारा मनुष्य मिरची ओळखत होता. तो हात पोथीच्या लेखकाचाच. आणि पोथीचा शक तर पुष्पिकाच सांगते. तीन पायऱ्यांचा हा जिना चढून आम्ही निष्कर्षाच्या माडीवर जाऊन बसलों. पायऱ्या तिन्ही पोकळ होत्या, हें पुढें दिसेल.

दुसरा पुरावा आम्हांस लोनाड येथें मिळाला असें वाटलें. लोनाड हें भिवंडी तालुक्यांतील अत्यंत जुनें स्थळ. डोंगराच्या अंगास खांडेश्वरीचीं लेणीं आहेत, गांवांत रामेश्वराचें पडकें देऊळ आहे. शिलाहार अपराजित याच्या शके ९१९ च्या, म्हणजे इ. स. ९९७ च्या, ताम्रपटानें भादाने हा गांव लोनादित्य देवास दिला. तें देवस्थान ज्या लवणतटास होतें तें हेंच लोनाड, असें विद्वान् मानतात. जवळच चौधरपाडा येथें केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख आहे. अशा ठिकाणीं गेलें म्हणजे प्रत्येक दगड कांहीं तरी जुनें सांगणार अशी मनाची तयारी आधींच झालेली असते, आणि हीच तयारी संशोधकास घातक होते.

लेण्यांच्या खालच्या उतारावर, करवंदीच्या जाळींत, कमरेइतक्या उंचीचें मिरचीचें एक झुडूप आम्हांस दिसलें. मिरच्या भाताच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, देठावर ताठ उभ्या, टोंकें आकाशाकडे. पिकून लाल झालेल्या. आसपास घर नाहीं, शेत नाहीं, विहीर नाहीं. गवत कापणाऱ्या एका वृद्ध बाईंस आम्हीं विचारलें, “मावशी, ही मिरची कोणी लावली?” त्या हंसल्या. “हिला कोन लावतं, गुरुजी? पाखरांचे पोटातून येते ती. आमचे आजीचे वेलेपासून हाय.” आम्हीं या उत्तराचा उत्तरार्ध तेवढा टिपून घेतला आणि पूर्वार्ध सोडून दिला. वास्तविक सगळा उलगडा पूर्वार्धांतच होता.

झुडुपाबरोबर आलेले आमचे एक मित्र तर म्हणाले कीं, ही शिलाहारांच्या वेळेपासूनची असली पाहिजे. आम्ही इतके पुढें गेलों नाहीं. पण जें रानांत आपोआप उगवतें तें या भूमीचेंच मूळचें, हें आम्हीं विचार न करितां गृहीत धरलें. या गृहीताचा फोलपणा कळण्यास वनस्पतिशास्त्र शिकावें लागत नाहीं. कोणत्याही किल्ल्यावर जाऊन पाहावें. घाणेरी अमेरिकेची, आज सह्याद्रीचा एक उतार तिच्यावांचून नाहीं. पिवळा धोतरा अमेरिकेचा; फड्या निवडुंग अमेरिकेचा. देवगिरीच्या परिसरांत रानोमाळ झालेलें सीताफळही तिकडचेंच, आणि त्याचें नांव तर सीतामाईशीं जोडलेलें! भारहुत व मथुरा येथील शिल्पांत सीताफळ कोरलें आहे असें कनिंगहॅमसारख्या पुरातत्त्वज्ञानें मानिलें होतें. त्यावरून पुष्कळ वाद झाला. रानांत वाढणें निराळें आणि त्या रानाचें मूळचें असणें निराळें. पहिली गोष्ट डोळ्यांस दिसते, दुसरी सिद्ध करावी लागते.

मिरचीच्या बाबतींत पांखरांचें काम विशेष आहे. तिच्यांतील तिखटपणा ज्या द्रव्यानें येतो त्यास कॅप्सेसिन म्हणतात. मनुष्य, माकड, उंदीर अशा सस्तन प्राण्यांच्या तोंडाची त्यानें आग होते. पक्ष्यांस तें जाणवत नाहीं. सस्तन प्राणी बी चावून नासवितात. पक्षी फळ गिळतात व बी धड बाहेर टाकितात. ट्यूक्सबरी व नाभान या दोघां संशोधकांनीं ॲरिझोनांतील रानमिरचीवर प्रयोग करून इ. स. २००१ मध्यें हें प्रसिद्ध केलें. फळ लहान, लाल, उभें, आणि पिकतांच देठाच्या वाटींतून सहज सुटणारें असणें, हीं सगळीं पांखरांच्या सोयीचीं लक्षणें होत. मनुष्यानें जोपासलेली मिरची मोठी, लोंबती आणि देठास घट्ट धरून राहणारी झाली, ती याच्या उलट निवडीनें. लोनाडच्या झुडुपावर आम्ही असतांनाच दोन बुलबुल येऊन गेले. एका झुडुपाचें बी दुसऱ्या गांवच्या कुंपणांत पडावें यास पिढ्या लागत नाहींत, एक सकाळ पुरते.

स्मरणिका छापून गेल्यावर आम्हीं त्या झुडुपाची फांदी वनस्पतिशास्त्राच्या एका अध्यापक स्नेह्यांस दाखविली. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, “फूल कोठें आहे?” आम्हीं फळ नेलें होतें, फूल नेलें नव्हतें. पोथी दाखविण्यास यावें आणि पुष्पिकेचें पान घरीं विसरावें, तसला हा प्रकार. पुन्हां लोनाडास जाऊन फुलासकट फांदी आणली. त्यांनीं ती कागदांत दाबून वाळविली, आणि तिच्याबरोबर ठिकाण, तारीख, उंची व फुलाचा ताजा असतांनाचा रंग लिहून ठेविला. वाळल्यावर रंग जातो, म्हणून तो तेथल्या तेथें लिहावा लागतो. फूल हिरवट पांढरें होतें, देठ ताठ होते, आणि एकेका पेऱ्यावर बहुधा दोन दोन फुलें होतीं. या लक्षणांवरून त्यांनीं ती ‘कॅप्सिकम फ्रुटेसेन्स’ या जातीची ठरविली. आपल्या बाजारांतील लांब मिरच्या, ब्याडगी, संकेश्वरी वगैरे, ‘कॅप्सिकम ॲनुअम’ या जातींत येतात. तिचें फूल दुधासारखें पांढरें व बहुधा एकेकटें असतें. गोमंतकांत लागवडीबाहेर कुंपणाकडेला वाढणाऱ्या चिमुकल्या मिरचीस पिटकुळी म्हणतात. तसल्या मिरच्यांच्या कुळांतलीच ही आमची लोनाडची.

येथवर येऊन आम्हांस वाटलें कीं जात तर ठरली. आतां तिचें मूळ स्थान ग्रंथांत पाहिलें कीं झालें. पण ग्रंथ उघडले तों दिसलें कीं, आमच्याच जातीची चूक आमच्याहून पुष्कळ थोर लोकांनीं केलेली आहे. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्यानें इ. स. १५४२ च्या आपल्या वनस्पतिग्रंथांत मिरचीचीं उत्तम चित्रें दिलीं आणि तिला ‘कालिकतची मिरी’ म्हटलें! कोलंबसास नव्या खंडांत मिरची मिळून पन्नासच वर्षें झालीं होतीं. तेवढ्यांत ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदुस्थानांत येऊन, येथून तुर्कांच्या मार्गानें किंवा अन्य वाटेनें युरोपांत पोंचली असावी, व ज्या वाटेनें आली तिकडचीच ती मानिली गेली. लिनियस यानें इ. स. १७५३ मध्यें मिरचीच्या दोनच जाती मानिल्या. पहिलीचें स्थान दक्षिण अमेरिका दिलें, आणि दुसरीचें, म्हणजे आमच्या लोनाडच्या जातीचें, स्थान लिहिलें ‘इंडिया’. ज्यांस मिरची मूळची हिंदुस्थानची करावयाची आहे त्यांनीं हा शब्द अवश्य पुढें करावा. मात्र त्या काळच्या लॅटिनांत ‘इंडिया’ म्हणजे कोणती, पूर्वेकडची कीं पश्चिमेकडची, हें सांगण्याची जबाबदारीही त्यांनींच घ्यावी. पुढें झाकँ यानें इ. स. १७७६ मध्यें एका जातीस ‘चिनेन्स’, म्हणजे चिनी, असें नांव दिलें. ती चीनची नाहीं, दक्षिण अमेरिकेची आहे. पण नामकरणाचा नियम असा कीं पहिलें दिलेलें नांव चालवावयाचें, म्हणून ती आजही चिनीच म्हणवते. आसामची अति तिखट भूत जोलोकिया याच ‘चिनी’ जातींत मोडते, आणि तिच्यांत फ्रुटेसेन्सचाही अंश आहे असें अलीकडच्या परीक्षणांत दिसलें आहे.

जातींची संख्यासुद्धां शास्त्रज्ञांनीं फार खालींवर केली. आयरिश यानें इ. स. १८९८ मध्यें दोन ठेविल्या. बेली यानें इ. स. १९२३ मध्यें सगळ्या मिळून एकच केली. फळाचा आकार, रंग, लांबी यांवर जाती पाडूं गेलें म्हणजे शेंकड्यांनीं होतात, आणि त्या गोंधळाला कंटाळून सर्व एक म्हटलें म्हणजे खरे भेदही पुसले जातात. पाठभेदांचें काम करणाऱ्यांस ही अडचण नवीन वाटूं नये. स्मिथ व हायझर यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास फळ बाजूस ठेवून फूल पाहिलें, आणि कोणत्या जातीचा कोणत्या जातीशीं संकर होतो व होत नाहीं तें प्रत्यक्ष करून पाहिलें. तेव्हां लागवडींतील पांच जाती स्थिर झाल्या. रानटी धरून एकंदर त्रेचाळीस जाती आहेत असें इ. स. २०२२ च्या बार्बोसा प्रभृतींच्या बृहद्ग्रंथांत दाखविलें आहे. त्या सर्वांचें मूळ घर अमेरिका खंड. हिंदुस्थानच्या वांट्यास मूळची म्हणून एकही येत नाहीं.

खरी रानटी मिरची कशी असते व ती पुन्हां सांपडली असें कशास म्हणतात, याचें एक उदाहरण येथें देणें उपयुक्त होईल, कारण आमच्या लोनाडच्या ‘शोधा’शीं त्याची तुलना केल्यानेंच आम्हांस आमची जागा कळली. मध्य अमेरिकेंत ग्वाटेमाला देशांत ‘कॅप्सिकम लान्सिओलाटम’ नांवाची जात आहे. ती प्रथम दुसऱ्याच एका कुळनांवाखालीं घातलेली होती. मॉर्टन व स्टँडली यांनीं इ. स. १९४० मध्यें ती मिरचीच्या कुळांत आणली. पुढें ती दिसेनाशी झाली. जुन्या वाळविलेल्या नमुन्यांवर लिहिलेल्या ठिकाणीं जावें तों जंगल तोडलेलें. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाचे बोसलँड व त्यांचे सहकारी गोन्सालेस यांस ती अखेर केत्साल नांवाच्या पक्ष्यासाठीं राखलेल्या अरण्यांत मिळाली, व इ. स. २००० मध्यें त्यांनीं तिच्या पुनःशोधाचें वृत्त प्रसिद्ध केलें. तेथें त्यांच्यापाशीं काय होतें? जुना नमुना होता, त्यावरचें वर्णन होतें, ठिकाणाची नोंद होती. आणि नवीन झाड या तिहींशीं ताडून पाहतां आलें. आमच्यापाशीं एक झुडूप होतें आणि मनांत एक इच्छा होती.

आतां पोथीकडे वळतों. झुडुपानें दगा दिल्यावर आम्हीं बाड पुन्हां मागून आणलें आणि ज्या कसोट्या दुसऱ्यांच्या पोथ्यांस लावतों त्या आपल्या आवडत्या पोथीस लावल्या.

पहिली पायरी पुष्पिकेची. पान उजेडासमोर धरिलें तेव्हां कागदांत रोमन अक्षरांचें जलचिन्ह अर्धवट दिसलें. म्हणजे कागद विलायती गिरणीचा. लेखकानें समोरच्या जुन्या प्रतीची पुष्पिका शकासकट जशीच्या तशी उतरून घेतली होती, हें उघड झालें. असें करणारे लेखक किती तरी आहेत, आणि हें आम्हीं स्वतः विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगितलेलें आहे. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढें आहे. त्याच बाडांत, त्याच हाताच्या अक्षरांत, दंतमंजनाच्या एका योगांत तमाखूची राख सांगितली आहे. तें पान आम्हीं पहिल्या वेळींही वाचलें होतें, आणि ‘मशेरीची परंपरा जुनी दिसते’ असें म्हणून पुढें गेलों होतों! तमाखूही अमेरिकेचीच. संस्कृत ग्रंथांतील तमाखूच्या उल्लेखांचा मागोवा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं घेतला, तो आमच्या कपाटांत आहे. सन १६०० च्या आधींच्या ग्रंथांत तमाखू दिसली तर ग्रंथाचा काळ तरी संशयित, नाहीं तर तो भाग तरी मागाहूनचा, हें तेथून आम्हांस पाठ होतें. पण ज्या दिवशीं मनुष्य मिरची शोधायला निघतो त्या दिवशीं त्याला तमाखू दिसत नाहीं.

दुसरी पायरी हाताची. समासांतील ‘मिरची’ हा शब्द बोरूनें लिहिलेला नाहीं. बोरूच्या रेघेंत जाडी-बारकाई वळणागणिक बदलते; येथें रेघ सबंध एकसारखी बारीक आहे, आणि शाई निळसर. पोलादी टाकाचें हें काम. घरांतील कोणा विद्यार्थ्यानें किंवा वैद्यानें आपल्या सोयीसाठीं तें टिपलें असेल. भिंगांतून पाहावयास दोन मिनिटें लागतात. आम्हीं सहा वर्षें घेतलीं.

तिसरी पायरी अर्थाची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण येथें भाषाच साक्षीला येते. समासांतल्या हातानें ‘मिरची’ लिहिलें तेव्हां त्याच्या मनांत लाल मिरची होती असें तरी कशावरून? हिंदुस्थानींत ‘मिर्च’ हा शब्द दोहोंस चालतो. काळी मिर्च, गोल मिर्च म्हणजे मिरीं. भिवंडी हें मिश्र भाषेचें गांव. येथील बाजारांत आजही वाण्याच्या तोंडीं ‘काली मिर्च’ ऐकूं येते. तेव्हां टिपणाऱ्यानें ‘मरिच’ म्हणजे मिरींच, असा बरोबर अर्थ आपल्या घरगुती शब्दांत दिला असण्याचा संभव पुष्कळ आहे. आणि त्याच्या बरोबर अर्थाचा चुकीचा अर्थ करणारे आम्ही.

‘मरिच’ व ‘मिरची’ यांचें नातें नीट पाहिलें तर मिरचीचें आगमन शब्दांतच नोंदलेलें दिसतें. संस्कृत ‘मरिच’ प्राकृतांत ‘मिरिअ’ होतें. दोन स्वरांमधील ‘च’ लोपतो. तेथून मराठींत ‘मिरें’, ‘मिरीं’. हा वारशानें आलेला शब्द, आणि तो वारशानें आलेल्या वस्तूसच चिकटून राहिला. ‘मिरची’ या शब्दांत ‘च’ कायम आहे. म्हणजे तो प्राकृताच्या चाकोरींतून झिजत आलेला नाहीं, तत्समाच्या किंवा हिंदुस्थानी ‘मिर्च’च्या वळणानें मागाहून आला. गुजराथींतही हाच जोड आहे : ‘मरी’ म्हणजे मिरीं, ‘मरचुं’ म्हणजे मिरची. कोंकणींत ‘मिरें’ निराळें आणि ‘मिरसांग’ निराळी. मिरसांग म्हणजे मिऱ्याची शेंग. कानडींत ‘मेणसु’ मिरीं, ‘मेणसिनकायि’ मिरची. तामिळांत ‘मिळगु’ व ‘मिळगाय्’. दक्षिणेंतील दोन्ही नांवांत ‘काय’, म्हणजे फळ, हा शब्द जोडलेला आहे. जुन्या वस्तूचें नांव साधें. नवीन वस्तूचें नांव जुन्यावरून केलेलें. स्पॅनिशांतही ‘पिमिएन्ता’ मिरीं आणि ‘पिमिएन्तो’ मिरची. इतक्या भाषांत इतक्या लोकांनीं एकमेकांस न विचारितां एकच गोष्ट केली, ती अशी कीं, हातांत आलेल्या अनोळखी तिखट फळास ओळखीच्या तिखटाचें नांव दिलें. मुंबईकडे मिरचीस ‘गोवाई मिरची’ म्हणत, म्हणजे गोव्याहून आलेली. बंदराचें नांव वस्तूस लागण्याची ही रीत फार जुनी आहे. अमरसिंहानें मरिचाच्या पर्यायांत ‘धर्मपत्तन’ हा शब्द दिला आहे. तें मलबारच्या किनाऱ्यावरील स्थळाचें नांव मानितात. मिरीं मलबारचींच, म्हणून तेथें बंदर व मूळ स्थान यांचा मेळ बसला. गोवाई मिरचीच्या बाबतींत तो बसत नाहीं. गोवा ही केवळ पायरी.

संस्कृत निघंटूंतही तेंच. चरकाच्या काळापासून त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरीं, पिंपळी. त्यांत मिरचीस जागा नाहीं. चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला (हा चालुक्यांचा कल्याण म्हणजे आमच्या शेजारचें कल्याण नव्हे, हा घोळही स्थानिक व्याख्यानांत ऐकूं येतो). त्यांत राजाच्या भोजनाचें वर्णन इतकें तपशीलवार आहे कीं, भुजलेल्या मांसावर काय शिंपडावें तें सांगितलें आहे. तिखटाचें काम सर्वत्र मिरीं करितात. मिरचीसाठीं ‘कटुवीरा’ हें संस्कृत नांव पुढच्या काळच्या निघंटूंत येतें. नांव सुबक आहे, छंदांतही नीट बसतें. म्हणूनच त्याची भीति वाटते. ज्या पोथींत ‘कटुवीरा’ दिसेल तिचा शक काय लिहिला आहे तें मागाहून पाहावें, कागद आधीं पाहावा.

बाहेरच्या साक्षी याशीं जुळतात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य इ. स. १५३४ मध्यें गोव्यास आला. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्यानें होतें. त्याचे औषधींवरील संवाद गोव्यास इ. स. १५६३ मध्यें छापले गेले. मिऱ्यांवर त्याचा स्वतंत्र संवाद आहे, मिरचीवर नाहीं. हा मौनाचा पुरावा आहे, त्यास मौनाइतकेंच वजन द्यावें. अमेरिकेहून आलेली वस्तु त्याच्या दृष्टीनें ‘हिंदुस्थानची औषधि’च नसेल. त्यानंतर शंभर वर्षांनीं मात्र चित्र पालटलेलें दिसतें. डच सुभेदार व्हान ऱ्हीड यानें मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ‘होर्तुस मलबारिकुस’ इ. स. १६७८ पासून काढला, त्यांत मिरची ‘कापो मोलगो’ या नांवानें चित्रासहित आली आहे. या ग्रंथाच्या पहिल्या खंडांत रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां वैद्यांचें इ. स. १६७५ चें कोंकणी भाषेंतील प्रमाणपत्र नागरी लिपींत छापलेलें आहे. आमच्या लिपीच्या छपाईचा तो एक जुना नमुना म्हणून संग्राहकांस तो ठाऊक असेलच. पण ज्यांनीं तो लिपीसाठीं पाहिला त्यांनीं त्याच ग्रंथांतील मिरचीचें पानही एकदां उघडून पाहावें. सुमारें पाऊणशें-शंभर वर्षांत एक परदेशी झुडूप मलबारच्या वैद्यांच्या नित्याच्या ओळखीचें झालें होतें.

उत्तर कोंकणांत ती कोणत्या मार्गानें आली असावी हें सांगण्यास फार कल्पना लढवावी लागत नाहीं. वसई इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. वसईच्या खाडीतून भरतीबरोबर गलबतें भिवंडी-कल्याणकडे येत, शिवाजीमहाराजांनीं इ. स. १६५७ मध्यें हीं दोन्ही ठाणीं घेतल्यावर जहाजबांधणीचें काम याच खाडीच्या आश्रयानें सुरू केलें, तें तिच्या या सोयीमुळेंच. दोनशें वर्षें माणसें, धान्य, लोणचीं व रोपें ज्या पाण्यावरून गेलीं-आलीं, त्याच्या कांठच्या कुंपणांत मिरची उतरली व तेथून पांखरांनीं डोंगरावर नेली, यांत नवल नाहीं. मावशींच्या आजीच्या वेळेपासून ती लोनाडास आहे हें खरें असूं शकतें. आजीच्या वेळेपासून शिलाहारांच्या वेळेपर्यंतचें अंतर आम्हीं आमच्या पदरचें घातलें होतें.

सह्याद्रीची स्वतःची रानटी तिखट वनस्पति पाहिजेच असेल तर ती मिरीची वेल आहे. काळ्या मिरीचें मूळ घर पश्चिम घाट, आणि तेथील ओल्या रानांत ती आजही आपोआप चढलेली मिळते. रानटी वेलींत बहुधा नर निराळा व मादी निराळी असते. लागवडीच्या वेलींत दोन्ही एका फुलांत येतात, कारण मनुष्यानें हजारों वर्षें तशाच वेली निवडून लावल्या. ‘मरिच’ शब्दाचा खरा नमुना हा. ज्यांना रानांत हिंडण्याची हौस आहे त्यांनीं लाल फळाऐवजीं त्या काळ्या मण्यांकडे पाहावें. आमच्या प्रांतांतील वनस्पतींत शोधण्यासारखें उरलें नाहीं असें मुळींच नाहीं. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतील रानडे यांच्या नांवावरून इ. स. १८९४ मध्यें ‘अबुटिलॉन रानडी’ असें लॅटिन नांव मिळालेली आंबा घाटांतील सोनघंटा ही दुर्मिळांत दुर्मिळ मानिली जाते, आणि ती खरोखरच येथली आहे.

बाड आम्हीं मालकांस परत केलें. त्यांच्या अनुमतीनें एका सुट्या चिठ्ठीवर कागद, जलचिन्ह, तमाखूचें पान व समासांतील टाकाचें अक्षर यांची नोंद करून ती चिठ्ठी बाडाच्या रुमालांत ठेविली आहे. पोथीच्या पानावर आम्हीं कांहीं लिहिलेलें नाहीं. समासांतला ‘मिरची’ शब्दही खोडूं नये असें त्यांस मुद्दाम सांगितलें. तो चुकीचा नाहीं, फक्त आम्हीं समजलों त्या काळाचा नाहीं. त्याहून वाईट प्रकार आम्हीं दोन छापील पुस्तकांत पाहिला आहे. तेथें संपादकांनीं मूळच्या ‘मरिच’चें भाषांतरच ‘मिरची’ असें करून टाकलें आहे. तें वाचून कोणी त्रिकटूचें चूर्ण केलें तर रोग्याची काय गत होईल, तें वैद्यांनींच सांगावें.

लोनाडचें झुडूप आतां तेथें नाहीं. डोंगराच्या पायथ्याशीं गोदामाकडे जाणारा रस्ता रुंद झाला तेव्हां करवंदीची जाळी गेली, तिच्याबरोबर तेंही गेलें. वाळविलेली फांदी अध्यापक स्नेह्यांच्या संग्रहीं आहे. थोडें बी आम्हीं कुंडींत लावलें होतें, त्याचीं तीन रोपें धरलीं. ज्या संग्राहकांच्या रुमालांत शके १६०० पूर्वींची, तारीख असलेली वाणसामानाची यादी, मुदपाकाचा हिशेब किंवा देवस्थानच्या नैवेद्याचा ताळेबंद असेल आणि त्यांत ‘मिरची’ किंवा ‘मिरच्या’ असा शब्द असेल, त्यांनीं सबंध पानाचें छायाचित्र, मागच्या-पुढच्या ओळींसकट, या त्रैमासिकाकडे पाठवावें. वजन शेरांत आहे कीं तोळ्यांत, तेंही पाहावें; मिरीं तोळ्यांनीं घेत, मिरच्या शेरांनीं.